एकटीचा शेवट सर केल्याची कैफियत

प्रथम कर्त्याकरवित्यास नमन करोन, दुसरे नमन विजेच्या चार्जरास करोन, कारण तो नसता तर ही मोहीम पहिल्याच मुक्कामी बुडती, सेवकाने जे पाहिले ते पाहिले तैसे आणि जे ऐकिले ते किंचित वाढवून येथे कागदी लाविले आहे. हत्ती, तोफा आणि तख्ते यांजविषयी लिहिणारे बहुत जाहले, त्यांस बिदागीही मिळाली. परंतु कपडे धुण्याच्या दुकानी गल्ल्यावर बसणाऱ्या एका बाईने टॅबलेटाच्या पडद्यावर पाच प्रणयी सर केले आणि सहाव्या शेवटापाशी तिच्या नाकी नऊ आले, हा मजकूर कोणी लिहिला नाही, म्हणोन आम्हांस लिहिणे प्राप्त जाहले. वाचणारांनी हसू नये. हसू आवरतच नसेल तर तोंडास रुमाल लावावा आणि पुढे वाचावे.

तर बाईसाहेब म्हणजे घरची थोरली कन्या, डागांची पारखी, टोकनांची सुभेदार, वाफेच्या इस्त्रीशेजारी भर दुपारी बसून जिचा माथा कधी तापला नाही अशी शांत आणि गोड. घरी तीर्थरूप, लिफ्टदुरुस्तीच्या चाकरीतून निवृत्त, वर्तमानपत्राआड मुक्काम. मातोश्री, सर्व खात्यांच्या मुखत्यार. आणि धाकटी बहीण, कॉलेजात नावापुरती, टॅबलेटाची मालकीण, खेळांच्या विद्येत निष्णात आणि जिभेस हाड नसलेली.

या घराण्यात कोणास तोंडावर नाही म्हणण्याची चाल नव्हती. शेजारणीने मिक्सर मागितला, आणि मिक्सर स्वतःसच हवा असला, तरी मातोश्री ‘बघू’ म्हणत, आणि मग शेजारीण मिक्सर घेऊन जाई. बाईसाहेबांस हेच बाळकडू, आणि त्यावर दुकानाची तालीम. मालकांचा हुकूम असा की, गिऱ्हाईक कसलाही डाग घेऊन येवो, शाईचा, गंजाचा, की तीन वर्षे कपाटात मुरलेला, ‘निघणार नाही’ हे शब्द गल्ल्यावर उच्चारू नयेत. ‘टाकून जा, बघू’ ऐसे बोलावे. बाईसाहेबांस कॉलर उलटताच कळे की हा डाग कपड्याबरोबरच जाणार, तरी हसून टोकन टाचीत, आणि गिऱ्हाईक आशा घेऊन घरी जाई. येणेप्रमाणे त्यांची जीभ उभय ठिकाणी कमावली गेली आणि ‘नाही’ हा शब्द तिच्यावरून उतरून गेला.

ऐशा समयी राजश्री पडदेवाले यांचा प्रवेश जाहला. चौकातले पडद्यांचे दुकान त्यांचे. गृहस्थ सज्जन, निर्व्यसनी, नीटनेटके, आणि पडद्यांवाचून दुसरा विषय ठाऊक नसलेले. नमुन्याचे पडदे धुवावयास आणीत आणि गल्ल्यावर उभे राहोन कापडाची झूल, अस्तर आणि कड्या यांजविषयी प्रवचन करीत, आणि बाईसाहेब ‘हो का’ म्हणत, कारण दुसरे काय म्हणावे. एके दिवशी त्यांनी अस्तराचा विषय संपवून त्याच आवाजात लग्नाची मागणी घातली. मन म्हणत होते, मुळीच नको. मुख म्हणाले, “बघू.”

पडदेवाले हर्षभरित होऊन टोकन विसरून गेले. मग त्यांनी घरी निरोप धाडला की, येत्या रविवारी दुपारी चहास येतो, तारीख ठरवू, आणि जाता जाता खिडक्यांची मापेही घेऊ. मातोश्रींची मर्जी प्रसन्न जाहली. तीर्थरूपांनी पान उलटले. आणि बाईसाहेब न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, बादली भरेतोवर रडल्या, आणि बाहेर येऊन पोहे खाल्ले की उपमा, हेही त्यांस स्मरेना.

धाकटीने हे जाणोन मसलत केली. तिजपाशी ‘काळजांचे बंदर’ नामे खेळ होता. या खेळात धावणे नाही, गोळीबार नाही. चित्रे उभी राहतात, खाली पट्टीत बोलणे उमटते, आणि मधून मधून तीन उत्तरे पुढे येतात, त्यांतील एक आपण बोटाने दाबावे, आणि जैसे दाबू तैसा शेवट पदरी पडे. नायिका पेटी घेऊन बंदरी उतरते आणि पाच प्रणयी तिजवर चालून येतात: पाववाला, वैद्य, गलबताचा कप्तान, संगीतशिक्षक आणि मुखवट्याआडचा उमराव. प्रत्येकाशी लग्नाचा एक शेवट, हे पाच. सहावा तो ‘एकटीचा शेवट’, ज्यात पाचांसही नकार देऊन नायिका पेटी घेऊन गलबतात चढते. शेवट साधला की त्याची तसवीर एका दालनात लागे. धाकटीने फर्मान काढिले की, ताईने रविवारच्या आत सहावी तसवीर लावावी. “चित्रांना नाही म्हणता आलं, तर माणसाला येईल. चित्रंही जमली नाहीत, तर मग घाल पडदे आयुष्यभर.”

मग बाईसाहेबांनी जेवणाच्या सुटीत, दुकानाच्या मागील खोलीत, टांगलेल्या कोटांच्या छायेत मोहीम मांडिली. पहिल्या झपाट्यास पाववाला पडला. त्यास पाव बरा जाहला ऐसे म्हणताच तो चरणी लीन. मग वैद्यावर चाल केली आणि तो कामात बुडालेला म्हणोन नायिकेस वारंवार आजारी पाडिले, आणि ताप उतरेतो वैद्य कैद जाहला. कप्तानास वादळाच्या गोष्टी न जांभई देता ऐकोन जिंकिले. दुकानात तोच अभ्यास जाहला होता. संगीतशिक्षक हट्टी निघाला, तीनदा हल्ला परतविला, मग धाकटीने जासूदी करोन भेद आणिला की त्यास सुरात गाणारी नको, बेसूर गाणारी हवी, म्हणजे शिकविता येते. मग तोही हाती लागला. उमरावाने अखेरीस मुखवटा काढिला, तो आत पाववाल्याचाच भाऊ निघाला, आणि बाईसाहेब म्हणाल्या, “एवढ्यासाठी इतका वेळ घालवला?” तथापि त्यांनी त्याशीही लग्न केले, कारण त्याने विचारले होते.

पाच तसविरी लागल्या. दुकानात त्या दिवशी इस्त्रीवालाही पेढा मागू लागला. राहिला सहावा चौकोन, काळा. आणि येथे भल्याभल्यांच्या मोहिमा अडतात तैसेच जाहले. पाववाला हाती गरम पाव घेऊन पुसे, माझ्यासवे येशील? खाली तीन उत्तरे: ‘हो’, ‘आत्ता नको, पुढे बघू’, आणि ‘नाही’. बाईसाहेबांचे बोट तिसऱ्यावर जाई, आणि मग पाववाल्याच्या पापण्या खाली झुकत, भुवया मध्ये उंच होत, आणि बोट आपोआप मधल्यावर उतरे. खेळ त्यास अर्धा होकार धरी. असे अर्धे होकार साठत जात, आणि शेवटी नायिका पेटीसकट पाववाल्याच्या घरी पीठ मळीत उभी. पुन्हा आरंभ केला, वैद्याने पापण्या झुकविल्या, पुन्हा पराभव. पुन्हा आरंभ केला, आणि या खेपेस तर खुद्द कप्तानाशीच, ज्याचा त्यांस मनापासून कंटाळा, लग्न जाहले.

धाकटी संतापली. “ताई, चित्र आहे ते! पापण्या कोणीतरी पगार घेऊन काढल्यात.”

“मला माहीत आहे गं. पण तो पाव गरम गरम घेऊन आलाय. त्याला काहीतरी झालं तर?”

“काय होणार आहे?”

“काय होतं ते मी कुठे बघितलंय? मी कधी कुणाला नाही म्हटलंय का?” ऐसे बोलोन बाईसाहेबांनी टॅबलेट उलटा घातला. सेवकास येथे लेखणी थांबवावी लागली, कारण इतके दिवस आम्हीही हा विनोदच समजत होतो.

शनिवारी सायंकाळी स्वयंपाकघरी खलबत बसले. बाईसाहेबांनी धीर करोन मातोश्रींस सांगितले की, मला पडदेवाल्यांशी लग्न करावयाचे नाही. मातोश्री भांडी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, पण आता तोंडावर नाही कसं म्हणायचं? होते सवय. मी तुझ्या बाबांनाही ‘बघू’च म्हटलं होतं.”

बाहेरील दालनी वर्तमानपत्र सावकाश खाली आले. तीर्थरूपांनी पुसले, “म्हणजे?”

मातोश्रींनी पुसलेले पातेले पुन्हा पुसावयास घेतले. तीर्थरूपांनी पुन्हा विचारिले, “मग? बघितलंस का?”

“बघतेच आहे,” मातोश्री म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही कडू नव्हता, काही गोडही नव्हता, पातेल्यावरील पाण्यासारखा होता. तीर्थरूपांनी वर्तमानपत्र उचलिले, परंतु त्या सायंकाळी पान काही उलटले नाही. बाईसाहेबांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांच्या मनात जे भय होते त्याहून मोठे भय शिरले, की आपणही अशाच जन्मभर बघत राहू.

रविवारी राजश्री पडदेवाले इस्त्रीचा सदरा घालोन, हाती फीत आणि काखेत कापडाच्या नमुन्यांचे बाड घेऊन दाखल जाहले. आसनस्थ होण्यापूर्वीच त्यांनी समोरच्या खिडकीस नजरेने मापिले. मग बिस्किटे जाहली, हवापाणी जाहले, धाकटीने दाराशी मोर्चा धरिला, आणि पडदेवाल्यांनी बाड उघडोन दोन तुकडे बाईसाहेबांपुढे ठेविले आणि पुसले की, आपल्या घरासाठी मोतिया बरा की राखाडी?

“नाही,” बाईसाहेब म्हणाल्या.

“राखाडी नाही?”

“लग्नच नाही. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. तेव्हा दुकानात मी ‘बघू’ म्हणाले, ते चुकलं माझं. मला तेव्हाही करायचं नव्हतं.”

आणि पडदेवाल्यांचा चेहरा उतरला. पापण्या खाली गेल्या, भुवया मध्ये उंच जाहल्या, हुबेहूब, आणि या पापण्या कोणी पगार घेऊन काढिल्या नव्हत्या. बाईसाहेबांचे बोट मांडीवर आपोआप हलले, मागे जाण्याचे बटण धुंडाळीत. खेळात जागा राखून ठेविता येते आणि बोलणे बिघडले तर तेथे परतता येते. या बैठकीच्या खोलीत तशी तजवीज नव्हती. बाईसाहेब उठल्या नाहीत. मान खाली घातली नाही. त्या चेहऱ्याकडे पाहत बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी बोललेले एक अक्षर माघारी घेतले नाही.

मातोश्री कुमक घेऊन धावल्या. “म्हणजे तिला असं म्हणायचंय की, एवढ्यात जरा—”

“तिला तेच म्हणायचंय जे ती म्हणाली,” तीर्थरूप वर्तमानपत्र घडी घालोन म्हणाले. “चहा आण.” तीर्थरूपांचे हे गेल्या कित्येक वर्षांतील पहिलेच फर्मान, आणि ते तामील जाहले.

पडदेवाल्यांनी चहा घेतला. मग नमुने एकेक करोन बाडात लाविले, कडेला कड जुळवोन, जैसे ते नेहमी लावीत. “मला वाटलं होतं,” ते म्हणाले.

“हो. वाटणारच.”

“वाईट वाटलं मला.”

“मलाही.”

मग दाराशी, चपला घालताना, त्यांनी मान वर न करता पुसले, “पण दुकानातले पडदे धुवायला तुमच्याकडेच आणले, तर चालतील ना?”

“हो,” बाईसाहेब म्हणाल्या. हा होकार निर्मळ होता. तो ऐकोन पडदेवाल्यांनी प्रथमच वर पाहिले आणि मान डोलावून जिना उतरले.

मातोश्री रुष्ट होऊन आत गेल्या आणि भांड्यांचा तोफखाना सुरू जाहला. बाईसाहेबांनी त्यांस आवरिले नाही, समजावयास गेल्या नाहीत. हात पुढे करोन धाकटीपाशी टॅबलेट मागितला.

मग जी धुमश्चक्री जाहली तिचे वर्णन काय करावे! कप्तानास नाही, वैद्यास नाही, संगीतशिक्षकाने तान घेण्यापूर्वीच नाही, उमरावास मुखवट्यासकट नाही. अखेरीस पाववाला गरम पाव घेऊन आला आणि पापण्या झुकविल्या. बाईसाहेब त्यास म्हणाल्या, “वाईट वाटेल तुला. वाटू दे,” आणि तिसरे उत्तर दाबिले. नायिका पेटी घेऊन गलबतात चढली, शिडे भरली, आणि काळा चौकोन उजळोन सहावी तसवीर लागली. धाकटीने आरोळी ठोकिली. परंतु खेळ संपला नव्हता. पडद्यावर दुसरे दिवसाची सकाळ उगवली, जी आजवर त्यांनी पाहिली नव्हती, कारण इथवर त्या पोचल्याच नव्हत्या: वैद्य रोगी तपासतो आहे, कप्तान कोणास तरी वादळ सांगतो आहे, आणि पाववाला अस्तन्या सारोन, डोळे जरा सुजलेले, भट्टीत पाव सारतो आहे.

“पाव भाजतोय गं,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि तिकडे पाहतच राहिल्या.

येणेप्रमाणे काळजांच्या बंदराचे सहाही शेवट फत्ते जाहले, आणि मोहिमेचा हिशेब सरकारी रिवाजाप्रमाणे येथे लिहून ठेविला आहे तो ऐसा: चित्रांतील आणि चित्रांबाहेरील मिळोन नकार बहुत दिले, जखमी उभयपक्षी जाहले, एक मातोश्री रुसल्या त्या अद्याप रुसल्या आहेत. दगावले कोणीही नाही. हे शेवटले कलम सेवकाने मुद्दाम ठळक लिहिले आहे, कारण बाईसाहेबांस जन्मभर भय होते ते इतकेच.