उशिराची खुर्ची

थोरलीला मुलगी झाली आणि हेडसरांची आई पणजी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. पणतीला मांडीवर घेऊन आईनं आधी तिचे कान पाहिले, मग नाक पाहिलं, आणि मग मान वर करून हेडसरांना म्हणाली, "हिचं सगळं वेळेवर होईल. तुझं काय?"

"माझं काय राहिलंय आता?" हेडसर म्हणाले. त्यांचे केस पिकले होते, निवृत्ती दुरून दिसायला लागली होती, आणि आता तर ते आजोबा झाले होते.

"डॉक्टर व्हायचं राहिलंय. मोठी पदवी घेईन म्हणाला होतास."

"आई, ते मी लग्नाआधी म्हणालो होतो."

"मग? मी काय विसरले?"

आईच्या या हट्टामागे एक जुना हिशेब होता. हेडसर तिसरीत असताना त्यांनीच आईला अक्षरं शिकवली होती. भांडी घासून झाली की मायलेक ओल्या फरशीवर बोटानं गिरवत बसायचे. अक्षर वाळायच्या आत वाचायचं, हा खेळ. ज्या दिवशी तिला पहिलं अख्खं वाक्य वाचता आलं, त्या दिवशी पोरगा गल्लीभर ओरडत सुटला, "माझ्या आईला वाचता येतं! माझ्या आईला वाचता येतं!" तोवर ते येत नव्हतं हे गल्लीला माहीतच नव्हतं. आई लाजेनं कितीतरी दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही.

"तेव्हा तू मला गल्लीभर केलंस," आई म्हणाली. "आता माझी पाळी. जायच्या आधी मला एकदा दारोदार सांगत फिरायचंय. तेवढं कर, मग मी मोकळी."

हेडसरांनी हे मनावर घेतलं आणि विद्यापीठात चौकशीला गेले. तिथं कळलं की शिक्षणातली डॉक्टर ही पदवी एक नाही, दोन आहेत. एक संशोधनाची, तिचं नाव पीएच.डी. ती ज्ञानात नवी भर घालणाऱ्यांसाठी. दुसरी एड.डी., ती शाळा चालवणाऱ्या माणसांसाठी. आपल्याच शाळेतला एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवून दाखवायचा. पहिलीचं नाव मोठं, पण ती कधी पुरी होईल हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरी लवकर होते, पण तिचं नाव घेतलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय?"

दोन्हींचे मार्गदर्शक एकाच व्हरांड्यात, समोरासमोरच्या खोल्यांत बसत. डाव्या हाताला एक उंच प्राध्यापक, उजव्या हाताला एक चष्मेवाल्या मॅडम. दोघं एकमेकांशी बोलत नसत, हे त्यांच्या दारांवरूनच कळायचं. एकाचं उघडलं की दुसऱ्याचं बंद व्हायचं.

"प्रश्न निवडा आणि त्याला हात लावू नका," प्राध्यापक म्हणाले. "रानातलं जनावर बघतात तसं, श्वास रोखून नुसतं बघायचं. वर्षभराचा एक छोटा नमुना करून आणा, मग पुढचं पाहू."

"प्रश्न काय बघत बसायचं?" समोरच्या खोलीत मॅडम म्हणाल्या. "हात घाला! वर्षाअखेर प्रश्न शिल्लक राहता कामा नये. नमुना करून आणा."

हेडसर दोघांनाही "हो" म्हणाले. तोंडावर नाही म्हणणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"म्हणजे दोन गाड्यांची तिकिटं काढून तुम्ही फलाटावरच बसलात की!" बायको म्हणाली.

"अगं, वर्षभरात कळेलच कुठली बरी ते."

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुमचं आयुष्यभर हेच. चहाला की कॉफीला हो म्हणायचं, यावर तुमचा चहा गार होतो."

प्रश्न मात्र त्यांना लगेच सापडला. शाळेत मुलं उशिरा येत. प्राध्यापकांसाठी, मुलं उशिरा का येतात? मॅडमसाठी, मुलांनी वेळेवर यावं म्हणून काय करावं? एकाच दगडात दोन पक्षी. फक्त एक अडचण होती. एक पक्षी मुलं उशिरा आली तरच जगणार होता आणि दुसरा ती वेळेवर आली तरच.

यावर हेडसरांनी तोड काढली. पाचवीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' तुकडी प्राध्यापकांची, तिच्या उशिराला हात लावायचा नाही. 'ब' तुकडी मॅडमची, तिला सुधारायचं. 'अ'मधलं मूल उशिरा आलं की व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायचं आणि शांतपणे विचारायचं, "का रे बाळा उशीर?" रागवायचं नाही, घाई करायची नाही, सांगेल ते ऐकायचं. 'ब'मधलं मूल वेळेवर आलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

खुर्चीतून हेडसरांना जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही ग्रंथात नव्हतं. "सर, कोपऱ्यावरच्या कुत्रीला पिल्लं झालीत. पण त्यातलं एक अगदी पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखं आहे, म्हणून मी तिकडे जाऊन नीट बघून आलो." "सर, आमचे बाबा दाढी करताना गातात. गाणं संपेपर्यंत आरसा मिळत नाही, आणि मला भांग पाडायचा असतो. बाबांना आवडतात पण मोठीच गाणी." हेडसर मान डोलवत, "मग?" म्हणत, हसायच्या जागी हसत. तास बुडायचा तो बुडायचा.

एका सकाळी घंटा झाल्यावर त्यांना फाटकाच्या खांबामागे एक मुलगी उभी दिसली. पाचवीत जुळ्या बहिणी होत्या, त्यातली ही एक.

"अगं, आत का येत नाहीस?"

"सर, मी 'अ'मधली," ती कुजबुजली. "अजून पुरेसा उशीर झाला नाही."

दुसऱ्याच दिवशी जुळ्यांची आई कमरेला पदर खोचून हजर झाली. "सर, एका दारातून, एका वेळी मी दोघींना हाकलते. एकीला तुम्ही खुर्ची देता आणि दुसरीला टाळ्या? ती रात्रभर मुसमुसतेय. म्हणे, मला उशीर कधी करायला मिळणार?"

"टाळ्या चांगल्या असतात हो," हेडसर म्हणाले.

"मग एक दिवस तुम्ही टाळ्या घ्या आणि तिला खुर्ची द्या!"

हेडसरांना नाही म्हणता आलं नाही. 'ब'मधल्या एकीला खुर्ची मिळाली म्हटल्यावर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? 'ब' तुकडी उशिरा यायला लागली. मग सहावी. मग सातवीतली मुलं, जी एरवी हेडसरांना बघून रस्ता बदलत, ती घंटा झाल्यावर फाटकाबाहेर गप्पा मारत थांबू लागली. प्रार्थनेला मैदान ओस आणि खुर्चीपुढे रांग. एके दिवशी रांगेच्या शेवटी गणिताच्या बाई उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही?"

"उशीर झाला, सर," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून सासूपासून सुरुवात केली. तास संपला तेव्हा कुठं त्या नणंदेपर्यंत पोचल्या होत्या.

प्राध्यापक खूश होते. "भरपूर माहिती मिळतेय! पण मी न कळवता एकदा येऊन डोळ्यांनी बघीन." मॅडम नाखूश होत्या. "तुमचा उपाय उलटा पडतोय. मीच न कळवता एकदा येते."

दोन्ही दगडांवर पाय ठेवलेल्या माणसाला दगड हलायला लागल्यावरच कळतं की पाय दोनच आहेत. हेडसरांनी निश्चय केला, सोमवारी सकाळीच विद्यापीठात जायचं आणि दोघांपैकी एकाला स्पष्ट नाही म्हणून यायचं.

"कोणाला?" बायकोनं डबा देत विचारलं.

"बसमध्ये ठरवतो."

बसमध्ये ठरलं नाही. व्हरांड्यात ठरवू म्हणून ते व्हरांड्यात आले, तर दोन्ही दारांना कुलूप. एवढ्या वर्षांत ती दोन दारं एकाच वेळी बंद असलेली कोणी पाहिली नव्हती. हेडसरांना आधी हायसं वाटलं. मग त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. सोमवार! सुट्टीनंतरचा दिवस! उशीर बघायचा तर सोमवारीच बघावा, हे दोन विद्वानांना एकाच वेळी सुचलं होतं.

त्या काळी शाळेत फोन होता, पण तो कुलूपबंद पेटीत असायचा आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. ते परत बसकडे धावले.

शाळेत पोचले तेव्हा शाळा सुटून सामसूम झाली होती. शिपाईमामा फाटकात पायरीवर बसून त्यांचीच वाट बघत होते.

"मामा, कोणी आलं होतं?"

"दोघं आले होते. एकाच बसनं. एक पुढच्या दारानं उतरले, एक मागच्या. फाटकात एकमेकांना बघितलं आणि दोघांची तोंडं अशी झाली, जसं दोघांना एकाच ताटात वाढलंय."

"मग? उशीर बघितला?"

"कसला उशीर सर! तुम्ही आज नसणार हे शनिवारीच शाळाभर झालं होतं. आज एक पोर उशिरा नाही. घंटेआधी सगळे रांगेत. गणिताच्या बाई वेळेवर. अहो, मीसुद्धा वेळेवर!"

हेडसर मटकन पायरीवर बसले. "ते काय म्हणाले?"

"ते उंच म्हणाले, इथं बघण्यासारखं काही नाही. त्या बाई म्हणाल्या, इथं सुधारण्यासारखं काही नाही. मग दोघांनी एकमेकांना विचारलं, तुम्ही इथं कसे? आणि दोघं तुमचंच नाव म्हणाले. नंतर जे बोलले ते इंग्रजीत होतं, सर. पण रागाचंच होतं."

तेल गेलं, तूप गेलं. हेडसर पायी घराकडे निघाले. आईला काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. ती अलीकडे जिना चढताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "मी काही दमले नाही, जिना मोजतेय." तिच्याकडे फार वर्षं उरली नव्हती, आणि यांनी एक अख्खं वर्ष घालवून हाती धुपाटणं आणलं होतं.

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली. आई दारात उभी होती.

"का रे उशीर?"

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? बस इथं." तिनं उंबऱ्यावर सरकून जागा केली.

हेडसर बसले. दोन शब्दांत सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण आई म्हणाली, "मग?" आणि त्यांना कुलपांबद्दल सांगावं लागलं. ती हसली, म्हणून त्यांनी पुढच्या आणि मागच्या दारानं उतरलेले विद्वान शिपाईमामांच्या आवाजात करून दाखवले. मग वाटेत भेटलेल्या कंडक्टरचं सांगितलं, ज्याचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता. आईनं निवडायला घेतलेली भाजी केव्हाच बाजूला ठेवली होती. सांगता सांगता हेडसरांच्या लक्षात आलं, की आपल्याला मजा येतेय. दिवसभराचा घाम, दोन पदव्या, सगळं गेलं, आणि आपल्याला मजा येतेय. ते बोलता बोलता थांबले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आई, लहानपणी मी शाळेतून रोज उशिरा यायचो ना?"

"रोज. लोहाराच्या भात्यापुढे उभा राहायचास. नाहीतर विहिरीत डोकावायचास."

"तुला राग नाही यायचा?"

"यायचा की. पण विचारल्याशिवाय रागवायचं कसं? आणि विचारलं की तू असं काही सांगायचास, की राग कुठं ठेवला तेच सापडायचं नाही." आईनं भाजीची जुडी परत हातात घेतली. "आणि घरात दुसरं कोण मला काही सांगत होतं? सगळे यायचे, जेवायचे, झोपायचे. मी दारात तुझ्या वेळेआधीच येऊन उभी राहायचे. वेळेवर आलास की वाटायचं, आज काही नाही वाटतं."

हेडसरांना खुर्चीपुढची रांग आठवली. पोरांना घरी उठवतात, जेवू घालतात, हाकलतात. कोणी विचारत नाही. शाळेत वेळेवर आलेल्याला तर कोणीच काही विचारत नाही. उशिराचं कारण ती खुर्ची होती, आणि खुर्चीपुढे मान डोलवत बसलेले ते स्वतः.

दुसऱ्या दिवशी ते विद्यापीठाच्या व्हरांड्यात गेले आणि दोन्ही दारं वाजवून दोघांनाही सगळं खरं सांगितलं. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बघणाऱ्यानंच जनावराला खाऊ घातला. नमुना नासला. पहिल्यापासून सुरुवात करा." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग आता ती खुर्ची कुठं ठेवणार आहात?" त्यांनी विचारलं.

एवढ्या एका प्रश्नावर हेडसरांचा निर्णय झाला. आयुष्यात पहिल्यांदाच, बसमध्ये न बसता.

त्यांनी खुर्ची शाळेच्या व्हरांड्यातून उचलली आणि फाटकाजवळ, घंटेच्या आधीच्या वेळेत ठेवली. घंटा झाली की खुर्ची आत. लवकर येईल त्याला विचारायचं, "काय रे बाळा, आज लवकर?" महिन्याभरात शाळेतला उशीर संपला. दुसऱ्या महिन्यात शिपाईमामा गाऱ्हाणं घेऊन आले. "सर, मी कुलूप काढायच्या आधी रांग लागलेली असते. पोरं मला विचारतात, मामा, तुम्हाला का उशीर? आणि सांगितल्याशिवाय सोडत नाहीत."

यथावकाश हेडसरांना एड.डी. मिळाली. आईनं नवी चप्पल घातली आणि काठी टेकत गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली. "आमचा डॉक्टर झाला. नाही हो, औषध नाही देत. नुसतं विचारतो." हेडसर लाजेनं दिवसभर उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. परत आल्यावर आईनं पाणी मागितलं, घोटभर प्यायली आणि म्हणाली, "पण पदव्या दोन होत्या ना? दुसरी कधी?"

दुसरी त्यांनी घेतली नाही. पण आईला "बघतो" म्हणाले, आणि ती दर वर्षी विचारत राहिली.

नात पहिलीत गेली त्या वर्षी आई गेली. चाचणी परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. सकाळची वेळ होती आणि हेडसर फाटकात मुलांबरोबर होते. निरोप मिळाला, पण त्यांना घरी पोचायला उशीर झाला.