अवधान शंभर टक्के

शाळेने मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञानाचा विचारपूर्वक वापर करायचा ठराव केला, आणि त्यातलं विचार करण्याचं काम पहिल्याच दिवशी तंत्रज्ञानाकडे सोपवून टाकलं. प्रत्येक बाकावर एक टॅब आला. त्याच्या कपाळावर बारीक कॅमेरा होता. मुलाचे डोळे पडद्यावर असले की कोपऱ्यातला दिवा हिरवा, इकडेतिकडे गेले की लाल. संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर दिवसभराची टक्केवारी यायची. तिला ‘अवधान’ असं भारदस्त नाव होतं.

दुसरीतल्या खारूचं अवधान पहिल्याच आठवड्यात रसातळाला गेलं. (एका जागी बसणं जिवावर येतं म्हणून घरात तिला खारू म्हणत.) गणित घातलं की ती मान वर करून छताच्या पंख्याकडे बघायची. पंख्याला तीन पाती, आणि वर्गात चालू होता तीनचा पाढा. तीन साते म्हटलं की ती मनातल्या मनात पंखा सात वेळा फिरवायची आणि एकवीस घेऊन खाली यायची. उत्तर बरोबर, दिवा लाल.

आई धाकट्याला कडेवर घेऊन मुख्याध्यापिकांना भेटायला गेली.

“मॅडम, पण उत्तरं तर सगळी बरोबर आहेत तिची.”

“तीच तर काळजीची बाब आहे.” मुख्याध्यापिकांनी धाकट्याच्या तोंडातून आपला पेपरवेट सोडवून घेतला. “लक्ष नसताना उत्तरं बरोबर येतात, याचा अर्थ ती कुठून तरी भलतीकडून येताहेत.”

“पंख्यावरून येतात.”

“बघा! पंखा अभ्यासक्रमात नाही.”

ठरलं ते असं, की महिनाअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही तर खारूची रवानगी अवधान-संवर्धन वर्गात होईल. हा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. तिथे खिडकी नव्हती, पंखा नव्हता, मैत्रीण नव्हती. पडदा मात्र दुप्पट मोठा होता.

वर्गशिक्षिका बाई दाराबाहेरच थांबल्या होत्या. “ताई, मुलगी गुणाची आहे हो,” त्या हळूच म्हणाल्या. “पण वर्गाची सरासरी पडली की मला प्रशिक्षणाला बसवतात. तेही टॅबसमोरच. मागच्या खेपेला मला शिंक आली, तर त्यांनी प्रशिक्षण पहिल्यापासून लावलं.”

मग आईने घरी तालीम सुरू केली. “वर नाही बघायचं. समोर बघ. पापणीसुद्धा हलवू नकोस हं, माझी शहाणी!” शहाणीने आईचं ऐकलं. थोड्याच दिवसांत तिचे डोळे पडद्यावर डिंकाने डकवल्यासारखे बसले. दिवा हिरवागार. मोबाइलवर फुलांचा गुच्छ आला: ‘अभिनंदन! आपल्या पाल्याची प्रगती लक्षणीय आहे.’ आईने तो गुच्छ मावशीला पाठवला, आत्याला पाठवला, आणि चुकून दूधवाल्यालाही पाठवला.

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता तिने सहज विचारलं, “खारू, तीन साते किती गं?”

खारूने आईकडे बघितलं. डोळे मोठ्ठे, शांत, न लवणारे, काठोकाठ भरलेले.

“माहीत नाही. पण आई, मी नीट बघतेय ना?”

हातातलं पातेलं तसंच सोडून आईने त्या डोळ्यांवर ओले तळवे ठेवले आणि ते मिटवले.

दुसऱ्या दिवशी तिने खारूचा एक फोटो चेहऱ्याएवढा मोठा करून आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला, मागून टेकू दिला आणि दप्तरात सरकवला. “हिला टॅबसमोर बसवायचं. आणि तू खुशाल पंख्याकडे बघ.”

फोटोला शंभर टक्के मिळाले. फोटो शिंकत नव्हता, त्याला शू लागत नव्हती, आणि मुख्य म्हणजे तो विचार करत नव्हता. शेजारच्या बाकावरच्या मुलीने घरी जाऊन सांगितलं. तिच्या आईने आणखी दोघींना सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. बघता बघता सगळा वर्ग पुठ्ठ्याचा झाला. पुठ्ठे बाकांवर एकटक बसायचे आणि मुलं बाईंभोवती जमिनीवर. खडे मांडून गुणाकार चालायचे. “बाई, हिने माझे सहा खडे ढापले!” “मग तुझ्याकडे उरले किती, ते सांग आधी!” इतकं शिकवायला बाईंना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

वर्गाची सरासरी शंभर टक्के झाली, तेव्हा पाहणीला वरून साहेब आले. दारातच थबकले. मुख्याध्यापिकांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हा काय प्रकार आहे?”

“साहेब, ते पुठ्ठे… म्हणजे आम्हालाही आत्ताच…”

“पुठ्ठ्यांचं नाही विचारत. ते उत्तम काम करताहेत. खाली गोंधळ घालताहेत ते कोण?”

“ती मुलं आहेत साहेब.”

“अवधान किती त्यांचं?”

“मोजलेलं नाही.”

“मग बाहेर काढा त्यांना. चांगल्या चाललेल्या वर्गात व्यत्यय आणताहेत.”

तेव्हापासून वर्ग पुठ्ठ्यांना आणि व्हरांडा मुलांना, अशी व्यवस्था झाली. पालकांना रीतसर सूचना आली: फोटो दर सहा महिन्यांनी नवा द्यावा. मूल वाढतं, हे शाळेला तत्त्वतः मान्य होतं. वार्षिक समारंभात खारूच्या फोटोला व्यासपीठावर बोलावून चषक दिला. खारूने समोर बसून मनापासून टाळ्या वाजवल्या. पालकांसाठीही एक नवी सोय त्याच दिवशी जाहीर झाली.

त्यानंतरची एक संध्याकाळ. खारू जमिनीवर उताणी पडून घरातल्या पंख्याकडे बघत होती.

“आई, उद्यापासून चारचा पाढा आहे. पण पंख्याला तर तीनच पाती. मग चौथं कुठून आणायचं?”

“हं,” आई म्हणाली. मोबाइलवर फोटोचा साप्ताहिक अहवाल आला होता. फोटो जिल्ह्यात तिसरा होता.

“आई, बघ ना गं.”

“बघतेय ना, राजा.”

ती खरंच बघत होती. मोबाइलच्या कोपऱ्यात दिवा हिरवागार होता: ‘पालक-अवधान शंभर टक्के.’

तुम्हीही हे इथपर्यंत मान वर न करता वाचलंत. मधे शेजारून कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही ‘हं’ म्हणालात. काही हरकत नाही. तुमचाही दिवा हिरवाच आहे.