अध्यक्षांना शिव्या घालणारे फागूमामा

इंग्रजी अमलातल्या आमच्या लोकल बोर्डाच्या अध्यक्षांना प्रत्येक सभेच्या आदल्या दिवशी शिव्या खायला मुर्री गावातल्या एका खळ्यात यावं लागे. शिव्या देत फागूमामा, आपल्या खळ्यात, धानाच्या पेंढ्यांवर बसून.

अध्यक्ष म्हणजे मुर्रीचे मालगुजार, गावाचे जमीनदार गोविंदराव. फागूमामा बोर्डाचे कोणीच नव्हते. त्यांना सही येत नव्हती, मताचा हक्कही नव्हता. पण उद्या कोणता सभासद काय बोलेल, ते आजच बोलून दाखवत. वकिलासारखा घसा खाकरत. गोंदियाच्या शेठजीसारखं पोट पुढे काढून ओरडत, "अध्यक्षजी, ये क्या तमाशा है?" गोविंदराव अडखळले की म्हणत, "तोंडात भात धरून काऊन बोलून राहिले, मालक? असं नाही जमन. पुन्हा!" एवढं ऐकल्यावर गोविंदरावांना सभा सासुरवाडीसारखी वाटे.

एका वर्षी बोर्डापुढे दोन कामं होती, मुर्रीची शाळा आणि सालेकशाच्या शिकारबंगल्याचा रस्ता. होणार एकच होतं. रस्ता केला तर शिकारीला येणारे गोरे साहेब 'रावसाहेब' हा किताब देतील, असं भोवतालच्यांनी गोविंदरावांच्या कानात भरलं. ते खळ्यात आले तेच रस्त्याचं भाषण घेऊन.

खळ्यात खेळणाऱ्या आम्हा पोरांना वाटलं, मामा आता भडकणार. मामांनी हात जोडले.

"रावसाहेब व्हाच, मालक. दारावर पाटी लावजा. पन वाचन कोन?"

"म्हणजे?"

"गावात एकाले तरी वाचता येते का? लोकं म्हनतीन, मालकानं हे लाकूड कायले ठोकलं?"

गोविंदरावांनी मिशी ओढली. "शाळेतली पोरं वाचतील म्हणतोस?"

"रोज. येता-जाता. मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी शेठजी खरोखरच "ये क्या तमाशा है" म्हणत उठले. गोविंदरावांना हसूच फुटलं. वकिलाच्या प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याकडे उत्तर होतं. शाळा दोन मतांनी जिंकली! मुर्रीत डफ वाजले, बैलगाडीतून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. मामा मागून चाकाखाली येणारी कुत्री हाकलत होते. हार घ्यायला बोलावलं, तर म्हणाले, "सल्ला देनाऱ्याच्या गळ्यात हार पडला, का त्याचं कोनी ऐकत नाही."

बी.ए. झाल्यावर मी पेढे घेऊन त्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी पहिल्या वर्षाचं रजिस्टर काढलं. गुरं राखायची सोडून पोरं शाळेत धाडायला तेव्हा बरेच बाप तयार नव्हते. माझेही नव्हते. अशा पोरांच्या नावापुढे पालकाच्या रकान्यात एकच अंगठा होता, फागूमामांचा. त्या वर्षी आमची गुरं मामा का राखत होते, ते मला तेव्हा उमगलं.

मामांना मूलबाळ नव्हतं. रजिस्टरात त्यांची अकरा पोरं होती. पाचवा मी.