माझा बसलेला आवाज

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीची तीन दुकानं. डावीकडच्याने काचेचं दार बसवलंय, उजवीकडचा गिऱ्हाइकाला सरबत पाजतो. मी मात्र अशी युक्ती काढली, की दोघांनीही उद्यापासून भाजी विकावी! माझ्याकडे दुरुस्त झालेला प्रत्येक कॉम्प्युटर सुरू होताच, डुलकीतून जागा होताच मालकाशी बोलणार. चक्क माझ्या आवाजात!

वाक्यही झकास सुचलं. "मी परत आलोय. आता कुठेही जाणार नाही."

रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकी सणसणीत सर्दी. घसा असा बसलेला, की आवाज जणू विहिरीच्या तळातून ओल्या घोंगडीत गुंडाळून वर ओढलेला! बायकोने ऐकलं आणि दोन पावलं मागे सरली.

"अहो, काटा आला अंगावर!"

"यालाच छाप पडणं म्हणतात!" मी म्हणालो.

पहिला बोलका कॉम्प्युटर गेला एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. आणून देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ह्यांचा आहे. सांभाळून करा." मला वाटलं, यजमान घरी वाट बघत असतील. ते नुकतेच वारलेत, हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन. कुजबुजत होत्या. "जरा येता का? आणि बेल वाजवू नका."

दार उघडंच होतं. भर दुपारी सगळे पडदे ओढलेले. खोलीत स्क्रीनचा निळा उजेड तेवढा. जमिनीवर शेजारीपाजारी बसलेले, निळ्या चेहऱ्यांचे, गप्प. टेबलासमोर एक रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर पुरुषाचा कोट. मी बसायला वाकलो.

"तिथे नको!" बाईंची नणंद ओरडली. "दादा बसलाय!"

मी वाकलेला तसाच राहिलो.

इतक्यात स्क्रीन विझली. मिट्ट काळोख. बाहेरून जड ट्रक गेला, टेबल थरथरलं, माऊस कणभर सरकला असावा. स्क्रीन आपसूक उजळली आणि आवाज आला, "मी परत आलोय. आता कुठेही जाणार नाही."

आवाज माझा, हे मला पक्कं ठाऊक. तरी मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवल्यासारखं झालं! आणि त्या कोटाची बाही, शप्पथ सांगतो, हलली!

"शेवटी शेवटी दादाचा आवाज असाच झाला होता," नणंदेला हुंदका फुटला.

आता खरं सांगून टाकायला हवं होतं. मी घसा खाकरला.

"अहो, तो आवाज..."

सगळ्यांच्या माना गर्रकन माझ्याकडे वळल्या. माझी सर्दी कुठे उतरली होती?

"अगं बाई! दादा यांच्यात शिरला!"

एक शेजारी भिंतीला पालीसारखा चिकटला. दुसरा रांगत दाराकडे निघाला. नणंद पुढे सरकली.

"दादा, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस रे?"

"मला काय माहीत!"

"दादाच! अगदी असाच खेकसायचा!"

"अहो, मी दुरुस्तीवाला!"

"गेल्यावरही कामाला लागलास रे?" म्हणत तिने गळाच काढला!

तेवढ्यात बाईंनी सर्रकन पडदा सारला. ऊन आत आलं आणि सगळ्यांना दिसला लाल नाकाचा, घामाघूम झालेला एक माणूस.

"पुरे!" बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "सगळे घरी जा. वन्सं, तुम्ही चहा टाका."

खोली रिकामी झाली.

"तुमचाच आवाज ना? मला लगेच कळलं होतं. ह्यांनी कधी 'कुठेही जाणार नाही' म्हटलं नाही. चपला काढायच्या आधीच परत निघालेले असायचे. पण वन्सं ऐकेनात, म्हणून तुम्हाला बोलावलं."

माझी मान खाली गेली. "चुकलं माझं, बाई. आत्ता काढून टाकतो."

बाई हळूच त्या कोटाच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले.

"परत म्हणा."

"चुकलं माझं."

"सगळा संसार झाला, पण एवढं एक ऐकायचं राहून गेलं होतं. काढू नका. वाक्य तेवढं बदलून द्या."

मी तिथेच बदलून दिलं. कॉम्प्युटर सुरू झाला. तोच ओला, खोल आवाज म्हणाला, "चुकलं माझं."

"असू दे," बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. इतक्या हळू, की मी तिथे नसतो तर बरं झालं असतं.

आता आजूबाजूची दोन्ही दुकानं ओस पडलीत. बायका धडधाकट कॉम्प्युटर उचलून आणतात, 'चुकलं माझं' बसवून घ्यायला. बहुतेकींचे नवरे हयात आहेत! आवाज बसलेला राहावा म्हणून मी रोज बर्फ चघळतो.

घरी मात्र रेकॉर्डिंग चालत नाही. बायकोला प्रत्यक्ष लागतं!