मेथीची जुडी घेतलेला माणूस

मेथीची कल्पना निहारची होती. हे गंधालीने त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगितलं, कुणी विचारलेलं नसतानाही.

घाटकोपर पूर्वेला नाचाच्या एका क्लासचा हॉल शनिवारी संध्याकाळी रिकामा असायचा. तिथे यांचं मंडळ जमायचं. यांचं म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स आणि 'अजून नक्की ठरलेलं नाही, पण चहा चालेल' अशा सगळ्यांचं. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना हा योगाचा वर्ग वाटायचा, आणि इतका योग करून यांच्यातलं कुणीच कसं बारीक होत नाही, याचं नवलही वाटायचं. मंडळ गंधालीने सुरू केलं होतं. पवईच्या एका ऑफिसात ती आठवडाभर लोकांच्या रजा, बदल्या आणि रुसवे सांभाळायची. शनिवारी इथे येऊन तेच फुकटात करायची.

नियम पहिला: कुणाला नाव विचारायचं नाही.

नियम दुसरा: 'तू नक्की कोण?' हे तर मुळीच विचारायचं नाही.

नियम तिनेच केले होते आणि मोठ्या अक्षरांत आरशावर चिकटवले होते. त्याला कारण होतं. तरुणपणी ती स्वतः अशा एका बैठकीला भीत भीत गेली, तेव्हा दारातच एका बाईने 'तुम्ही यातल्या नक्की कोणत्या?' असं विचारलं होतं. रेशनच्या दुकानात कार्डाचा रंग विचारावा, तसं. गंधाली चपला न काढता परत फिरली आणि पुढे कित्येक वर्षं कुठेच गेली नाही.

म्हणूनच भांडुपच्या त्या मुलाचं तिने इतकं मनावर घेतलं. त्याचं नाव प्रितम. ते कळलं नंतर, पण आपण आत्तापासूनच म्हणू. प्रितम आधी दोनदा आला होता आणि दोनदा परत गेला होता. एकदा स्टेशनवरूनच. दुसऱ्यांदा जिना चढला, बेल वाजवली आणि पळाला. दार उघडलं तर बाहेर नुसता जिना. आता त्याचा मेसेज आला होता.

'शेवटचा प्रयत्न करतोय. कुणी घ्यायला आलं तर येईन. पण घ्यायला येणाऱ्याने काही विचारायचं नाही. मी मागे मागे येईन. नाही जमलं तर तुमचा नंबर डिलीट.'

'मी स्वतः येते,' गंधालीने लिहिलं. पण ओळखायचं कसं? फोटो द्यायला तो तयार नव्हता. लाल शर्ट? लोक बघतात. हातात फूल? अजिबात नाही. गंधाली तेव्हा मीटिंगमध्ये होती, म्हणून तिने ते काम निहारवर सोपवलं. निहार सव्वीस वर्षांचा, उत्साही, आणि एकंदरीत कुठलंही काम सोपवू नये असा.

"मेथीची जुडी!" त्याने फोनवर सांगितलं. "पिशवीत नाही, हातात. कुणाच्या बापाला संशय यायचा नाही."

ते मात्र खरं होतं. डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेर मेथी नसलेला माणूस शोधावा लागतो.

गंधाली पोचली तेव्हा तिथे मेथीच मेथी होती. बायका वगळल्या. जोडपी वगळली. पिशवीवाले वगळले. एकटा पुरुष, हातात जुडी आणि तोंडावर 'जाऊ की थांबू' असा भाव, असा एकच उरला. त्याचं वय असावं सत्तरच्या आसपास. इस्त्रीचा बुशशर्ट, त्यावर अर्धा स्वेटर.

गंधाली क्षणभर अडखळली आणि मग स्वतःवरच चिडली. मेसेजमध्ये वय कुठे होतं? मुलगा असणार, हे तीच धरून चालली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगायचं की आपल्या मनाने काही ठरवू नका, आणि स्वतः? ती पुढे झाली.

"आलात? चला. सगळे वाट बघतायत."

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त केळीवाला होता.

"माझी?"

"तुमचीच."

"पण आपण..."

"काही सांगायची गरज नाही. अगदी काहीच नाही. तुम्ही फक्त या."

आणि ते आले.

नियम तिसरा: नव्या माणसाभोवती गर्दी करायची नाही. (हा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही.)

हॉलमध्ये त्यांना उशी लावलेली खुर्ची मिळाली. समोसा मिळाला. लताताईने त्यांच्या हातातली जुडी अलगद काढून घेतली. "बघा, आजोबा रिकाम्या हाताने नाही आले!" म्हणत ती आतल्या ओट्यापाशी भजी तळायला गेलीसुद्धा. लताताई दवाखान्यात नर्स. जन्मल्यावर घरच्यांनी तिला मुलगा समजून भलतंच नाव ठेवलं होतं. आता अख्खी गल्ली तिला लताताई म्हणते आणि घाबरते.

निहार कोपऱ्यात डोळे पुसत होता. "सत्तर वर्षं, यार. सत्तर वर्षं माणसाने आत दाबून ठेवलं."

"हळू बोल. आणि रडू नकोस, त्यांना दडपण येईल," गंधालीने त्याला दटावलं.

आजोबांना दडपण असं काही आलेलं दिसत नव्हतं. ते बदाम सात खेळायला बसले होते आणि निहारने चौकटची अठ्ठी दाबून ठेवली, यावरून त्याच्याशी भांडत होते. गंधालीने भिंतीला पाठ टेकली. झालं एकदाचं, असं तिला वाटतंय तोच फोन थरथरला.

'मी अजून उभाच आहे. मेथी सुकायला लागली.'

गंधालीने मेसेज वाचला. आजोबांकडे पाहिलं. पुन्हा वाचला.

"लताताई," ती ओट्यापाशी जाऊन कुजबुजली, "हे ते नाहीत."

"कोण?"

"आजोबा. तो दुसराच आहे. तो अजून स्टेशनवर उभा आहे, गं! वाट लागली!"

"म्हणजे दोघं आहेत. बरंच की. पीठ भरपूर आहे."

"अगं, पण हे आपल्यातले नसतील तर? सगळ्यांचे चेहरे बघून बसलेत. अर्ध्या लोकांच्या घरी माहीत नाही!"

"मग विचार ना."

"कसं विचारू? नियम आहे!"

"कुणी केला?"

"मी!" गंधाली जवळजवळ ओरडलीच. लताताईने शांतपणे भजी उलटली.

निहारला स्टेशनवर पिटाळलं. "पुरुष, एकटा, मेथी हातात. आणि प्लीज, एकच आण." तो गेला. गंधालीने प्रितमला 'पाच मिनिटं थांब, जाऊ नकोस' असं लिहिलं. उत्तर आलं नाही. मग ती आजोबांशेजारी बसली आणि न विचारता विचारण्याच्या कामाला लागली. ऑफिसात ती याचाच पगार घ्यायची.

"काका, बरं वाटतंय ना इथे?"

"झकास."

"आधी कधी अशा ठिकाणी..."

"छे हो. रिटायर झालो, मग ही गेली, मग कोण बोलावतंय? सून म्हणते, बाबा, माणसांत मिसळा."

यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मंडळात बायको असलेले होते, बायको गेलेले होते आणि बायकोने धाडलेलासुद्धा एक होता.

"घरी माहीत आहे का तुमच्या?"

"काय?"

"काही नाही. भजी घ्या."

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. सुनेचा आवाज हॉलभर घुमला.

"बाबा, मेथी आणायला गेलात की पेरायला?"

"अगं प्रियंका, मी जरा मित्रांकडे आहे."

"कुठले मित्र? तुम्हाला कुठे मित्र आहेत?"

पत्ते थांबले. लताताई झारा घेऊन बाहेर आली. आजोबांनी फोन छातीशी धरला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि गंधालीला सरळ, साध्या आवाजात विचारलं, "खरंच, तुम्ही लोक नक्की कोण?"

आरशावर दोन नंबरचा नियम होता. आजोबांचा चष्मा खिशात होता.

गंधालीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी लताताई बोलली. आडपडदा न ठेवता, एका दमात. आम्ही असे, आम्ही अशा, इथे का जमतो आणि तुम्हाला का आणलं. दुखणं समजावून सांगायची तिला सवयच होती. इथे दुखणं नव्हतं एवढाच फरक. आजोबांनी मान हलवत सगळं ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला मी त्यातला वाटलो?"

"हो," गंधाली म्हणाली.

"आणि तरी भजी दिलीत?"

"आजोबा, वाटलात म्हणूनच दिली," लताताई म्हणाली.

आजोबांनी यावर थोडा विचार केला आणि फोन तोंडाशी नेला. "प्रियंका, एक मंडळ आहे. माणसं चांगली आहेत. पत्त्यांत चिटिंग करतात. मी येतो अर्ध्या तासात." फोन ठेवून ते म्हणाले, "मी मार्तंड कर्वे. तुमचं कुणाचं नाव मी कुठे काढायचा नाही. सांगणार तरी कुणाला? बोलतं कोण माझ्याशी?"

गंधालीचा जीव अर्धा भांड्यात पडला. उरलेला अर्धा स्टेशनवर होता. निहारचा फोन आला. "अगं, इथे सात जण आहेत मेथीवाले! सहा जणांना 'चला, सगळे वाट बघतायत' म्हटलं. एक काका म्हणतायत, पोलिसांना बोलावतो. सातवा पळाला!"

"परत ये," गंधाली म्हणाली. पळाला तोच असणार. शेवटचा प्रयत्न म्हणाला होता, आणि आपण त्याला भर चौकात निहारच्या...

बेल वाजली.

दारात पंचविशीचा एक मुलगा उभा होता. हातात माना टाकलेली मेथी. या वेळी तो पळाला नाही. गंधालीला ओलांडून सरळ आत गेला आणि आजोबांच्या पाया पडला.

"मी मघाशी समोरच खांबाआड उभा होतो, आजोबा," तो म्हणाला. "यांनी मला सोडून तुम्हाला नेलं. मी परत निघालो होतो. पण म्हटलं, हे या वयात जातायत आणि आपण काय मरतोय? तुमच्या मागे मागे आलो. तासभर खाली उभा होतो, मेसेजही तिथूनच केला, पण आलो. तुमच्यामुळे."

गंधालीने त्याच्या पाठीमागून आजोबांना हातवारे केले. काही बोलू नका. नुसती मान हलवा. भजी तोंडात कोंबा.

पण मार्तंड कर्व्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. खोटं माप त्यांना सोसत नसे.

"बाळा," ते म्हणाले, "मी नुसती भाजी घ्यायला आलो होतो रे."

प्रितम गंधालीकडे वळला.

"म्हणजे माझ्याऐवजी यांना आणलं?"

"हो, पण..."

"मी समोर उभा असताना?"

"तुझं वय मेसेजमध्ये..."

"आणि ती भजी माझ्या वाट्याची होती?"

"गरम करून देते," लताताई म्हणाली.

गंधालीने दाराकडे पाहिलं. आता हा जाणार, आणि या खेपेला कायमचा. पण प्रितम दाराकडे गेला नाही. त्याने मेथी पत्त्यांवर आपटली.

"ही काय सिस्टीम आहे का तुमची? कुणी ठरवली मेथी? डोकं आहे का त्याला? स्टेशनवर दर दुसऱ्या बाप्याच्या हातात मेथी! एका बाईने मला भाव विचारला! वर म्हणते, इतकी महाग? सुकलेली आहे!"

त्याच वेळी निहार धापा टाकत दारात उभा राहिला. सगळ्या बोटांनी, मार्तंड कर्व्यांच्या बोटानेसुद्धा, त्याच्याकडे दाखवलं. आणि प्रितमने नाव न विचारता त्याला फैलावर घेतलं. निहार आधी सॉरी म्हणाला, मग 'तूच तर फूल नको म्हणालास' म्हणाला, मग दोघं समोरासमोर मांडी घालून भांडायला बसले. आजोबा मध्ये बसून दोघांनाही चूक ठरवत होते.

गंधालीने नव्या माणसासाठी चार वाक्यं पाठ केली होती. इथे तू सुरक्षित आहेस, इथे कुणी काही विचारणार नाही, वगैरे. ती पुढे सरकली, तर लताताईने दंड धरून मागे ओढलं.

"राहू दे. माहेरी आल्यासारखा भांडतोय."

"अगं, पण स्वागत..."

"ते चाललंय ना!"

"हे बघा," प्रितमचा आवाज आला. तो आता सगळ्या हॉललाच दम देत होता. "पुढच्या शनिवारी कुणी नवीन येणार असेल तर मी जातो घ्यायला. तुमच्यापैकी एकालाही जमत नाही."

पुढच्या शनिवारी. हे दोन शब्द ऐकायला गंधाली कितीतरी दिवस थांबली होती. ते इतक्या वैतागलेल्या आवाजात येतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आणि तुम्ही हसताय काय?" प्रितम तिच्यावर खेकसला. "चहा टाका!"