मिलिंदभाऊंची चिठ्ठी

शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या टेबलावरची वायर उपटू नये, एवढी साधी गोष्ट मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळली. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर बोनाफाईडवर शिक्के मारून आलो होतो. आमच्याकडे लाईट नव्हती, मोबाइल मरायला टेकला होता आणि मिलिंदभाऊंकडे इन्व्हर्टर होता. ते खुर्चीत बसून स्क्रीनकडे पाहत होते. मी त्यांच्या संगणकात खुपसलेली एक वायर ओढली आणि तिथे माझी लावली.

मिलिंदभाऊ ताडकन उठले. मला वाटलं, आता शेजार संपला.

"भाऊ, काय केलं तुम्ही?"

"काही नाही. चार्जिंग."

"अजी हे पाहा!" स्क्रीनवर एकच ओळ आली होती : यंत्र गेलं. "संगणक पडला नाही! चालूच हाये! मी महिन्याभरापासून स्वतःच वायर उपटून राह्यलो, पण मले माहीत रायते न कवा उपटणार ते. तुमच्यासारखा बिनविचारानं उपटणारा माणूस मले भेटतच नव्हता."

अशा रीतीने यवतमाळात मला पहिल्यांदा माझ्या अंगच्या गुणांवर काम मिळालं. दर शनिवारी संध्याकाळी जायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि मनाला येईल तेव्हा वायर उपटायची.

मिलिंदभाऊ घरी बसून जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या, एका यंत्राचा ड्रायव्हर लिहितात. कापसाचा ओलावा मोजणारं यंत्र संगणकाला जोडलं, की त्या दोघांच्या मधे जो दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. मी उपटली ती टेबलावर ठेवलेल्या त्याच यंत्राची वायर. आता जिनिंगमधे झाडणारी बाई वायर उपटते, उंदीर उपटतो, मॅनेजर स्वतः पाय अडकून उपटतो. यंत्र निघून गेलं आणि दुभाषा अजून त्याच्याशी बोलतोच आहे, असं झालं की सगळा संगणक आडवा.

या कामापायी त्यांना एक खोड लागली आहे. ते कशालाही हात लावण्याआधी विचारतात. भेंडीवाल्याच्या टोपलीत हात घालण्याआधी, "हाये का?" भेंडी समोर दिसत असते. भेंडीवाला म्हणतो, "साहेब, हे काय मंग?" पण त्याने हो म्हटल्याशिवाय हे भेंडी उचलणार नाहीत. स्वतःच्या घराची चावी खिशात असताना दार वाजवतात. आमच्या फाटकाशी उभे राहून "हायेत का?" म्हणतात, आणि आतून "नाही" आलं तर राग न धरता परत जातात. एकदा मी बाथरूममध्ये होतो म्हणून बायकोने "नाहीत" सांगितलं. "बरं," म्हणून गेले. आमची गच्चीवरची टाकी तासभर वाहत होती, तेच सांगायला आले होते.

"अहो, मग ओरडून सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"नाही म्हटल्यावर कायले बोलायचं? आधी इचारा, मंग हात लावा. नाही म्हटलं, तं गुमान वापस फिरा."

हे त्यांचं तत्त्वज्ञान प्रोग्राम लिहायच्या त्यांच्या नव्या भाषेतून आलेलं. भाषेचं नाव रस्ट. ते तिच्याविषयी, शिस्तीच्या पण मायाळू मास्तरीणबाईंविषयी बोलावं, तसं बोलतात. "जुन्या भाषेत कोणी इचारत नव्हतं भाऊ. यंत्र हाये असं धरून चालायचं. हिच्यात यंत्राचं दप्तर, म्हंजे त्याची सारी नोंद, कुलपात. पह्यले इचारायचं, यंत्र हाये का? हाये म्हटलं, तं चिठ्ठी भेटते. चिठ्ठी हातात हाये तंवरच दप्तर वाचायचं. न इचारता हात घातला, तं ही बाई प्रोग्राम तयारच होऊ देत नाही."

"आणि चिठ्ठी हातात असताना मी वायर उपटली तर?"

"उपटा ना. यंत्र गेलं तं गेलं. पण चिठ्ठी वापस येईपर्यंत संगणक त्याचं दप्तर बंद करत नाही, थांबते. म्हणून चिठ्ठी घ्यायची, भराभरा वाचायचं, सोडून द्यायची. ते हातात असताना झोपाले मनाई हाये."

आमच्या ऑफिसात चिठ्ठी हातात घेऊन झोपणारे चार जण मी ओळखतो. पण ते असो.

घरात बाप-लेक दोघंच. वहिनींना जाऊन चार वर्षं झाली. हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्यांचा फोटो आहे. मुलगी स्नेहल लॅबचं शिकलेली, हुशार, बापाच्या यंत्राचे ओलाव्याचे आकडे तीच तपासून द्यायची. तिला पुण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. मिलिंदभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले. दर घरी आधी "हायेत का?" विचारून.

आणि मग स्नेहल जाईचना. आधी आकडे तपासायचे राहिले होते. मग इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची होती. मग तिथे पाणी कसं असेल याची चौकशी सुरू झाली. हॉस्पिटलने एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा स्पष्ट कळवलं : सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

स्नेहल भिंतीवरून माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, बाबा नाही म्हणत नाहीत. पण जा असंही म्हणत नाहीत. महिना झाला, झोपतबी नाहीत. मी काय करू?"

बायकोने मला सांगितलं, "तुम्ही बोला त्यायच्याशी." मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. अंगात त्राण नसलं की नकारापेक्षा होकार सोपा पडतो.

त्या शनिवारी गेलो. चहा झाला. विषय काढायचा म्हणून तीनदा घसा साफ केला आणि चौथ्यांदा, काहीच सुचेना म्हणून, वायर उपटली.

स्क्रीनवर ओळ आली नाही. मिनिट झालं, दोन झाली. मिलिंदभाऊंनी कपाळाला हात लावला.

"अटकलं. कोणीतरी चिठ्ठी धरून बसलं हाये. यंत्र तं केव्हाचं निंघालं, पण त्याले सुटता येऊन नाही राह्यलं."

स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात भाजीचं पातेलं घेऊन उभी होती. "कोण धरून बसलं, ते पाहा ना बाबा."

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. मी मोबाइल पाहू लागलो. तो बंद होता.

मिलिंदभाऊ वरून खाली ओळी वाचत गेले. पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने ते थांबले आणि स्क्रीनवर एका ठिकाणी बोट ठेवलं.

"माहीच हाये," ते म्हणाले. "मीच घेतली आन् ठिऊन देली. लागन म्हणून."

त्यांनी दोन ओळी खोडल्या, प्रोग्राम नव्याने तयार करून संगणक पुन्हा सुरू केला. मला म्हणाले, "उपटा." मी वायर परत लावली आणि उपटली. यंत्र गेलं, अशी ओळ लगेच आली. त्यांनी मान न वळवता विचारलं, "स्नेहल, पुण्याची गाडी केव्हा हाये?"

"उद्या दुपारी."

"हाये ना पण? इचारून घे."

रविवारी दुपारी बसस्टँडवर आम्ही तिघं. स्नेहल खिडकीत बसली. मिलिंदभाऊ खाली उभे. "डबा हाये का? चार्जर हाये का? चादर हाये का?" प्रत्येकाला ती "हाव बाबा" म्हणत होती. प्रश्न संपले तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजातून तिचा हात धरला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. कंडक्टर दारातून वाकला.

"ओ काका, सोडा बरं हात! गाडी मांगं घ्याची हाये. तुम्ही धरून ठेवसान तं जाईन कशी?"

आजूबाजूचे हसले. मिलिंदभाऊंनी कंडक्टरकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांच्या कामातली चूक नेमकी दाखवून दिली असावी. "बरोबर हाये," म्हणाले, आणि हात सोडला. गाडी मागे गेली, वळली, धूळ उडवून निघाली. ते स्वतःच्या तळव्याकडे पाहत उभे होते.

मी त्यांना गाडीवर मागे बसवून घरी आणलं. मी माझ्या फाटकाशी गाडी लावत होतो तोवर ते त्यांच्या दारापाशी पोचले. चावी खिशात होती. सवयीने त्यांनी कडी वाजवली. "हाये का?"

आतून अर्थातच उत्तर आलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग नियमाप्रमाणे गुमान वापस फिरले, आमच्या फाटकाशी आले आणि मी तिथेच उभा असताना, माझ्या खांद्यावरून आत पाहत म्हणाले, "हायेत का?"

बायको ओट्यावर आली. "हावो भाऊजी. या, बसा."

बसले. दोन कप चहा घेतला, पोह्यांची बशी संपवली. ओलाव्याचे आकडे आता स्नेहल पुण्याहून तपासणार, असं दोनदा सांगितलं. अंधार पडायच्या आत उठले. या वेळी त्यांनी कडी वाजवली नाही, चावीने दार उघडलं. दिवा लागलेला आम्ही ओट्यावरून पाहिला.

बायको कपबशा गोळा करत होती. मी म्हटलं, दमलो बुवा आज.

ती म्हणाली, "उद्या सकायी ऑफिसले जायच्या आधी त्यायच्या दारात जाजा. हायेत का म्हणून आवाज द्याजा, आन् हाव म्हणेपर्यंत थांबजा. रोज. आन् वायरले हात नोका लावू."