केरबा शेलारांनी गाडी सांगितली त्याची हकीकत

श्री. घाटमाथ्याच्या देवीस दंडवत करून आणि आपले ज्ञान थोडे हे मनी धरून ही हकीकत लिहिली असे. डोळ्यांनी पाहिले ते थोडे, ऐकिले ते फार. यात चुकले असेल ते जाणत्यांनी सुधारून वाचावे.

शके १८५८, धाता नाम संवत्सरे, चैत्रमासी दाजीसाहेब खर्डेकर यांणी दोन जुन्या मोटारी खरेदी करून वरच्या कसब्यापासून घाटाखालील बंदरापर्यंत राज्य स्थापिले. राज्य म्हणजे तीस कोसांचा एक रस्ता, नऊ थांबे आणि घाटमाथ्यावर एक नाका. ड्रायव्हर हे सरदार, कंडक्टर हे कारभारी आणि उतारू ही रयत. रयत बोचकी आणि कोंबड्या घेऊन बसे, वाटेत ओकत असे आणि तरीही दाजीसाहेबांस दुवा देत असे. पुढे मोटारी अकरा जाहल्या आणि राज्याचा बोलबाला झाला. आता या राज्यात एक रिवाज होता तो सांगणे अवश्य. कसब्याचे सरदार गाडी नाक्यापर्यंत आणीत आणि तेथे घाट उतरविणारे सरदार ती हाती घेत. सरदारांस लिहिणे येत नसे, म्हणोन आणणाराने बॉनेटवर हात ठेवून गाडीची जी खोड असेल ती घेणारास तोंडी सांगावी. यास गाडी सांगणे म्हणत. घाटात सतरा वळणे आणि डाव्या अंगास दरी. खोड ठाऊक नसता उतरणे म्हणजे मरण. आणि दुरुस्तीचा कारखाना खाली बंदरात, म्हणोन आजारी गाडीही घाट उतरूनच न्यावी लागे.

कसब्याकडील थोर सरदार केरबा शेलार, वय पंचावन्न, राज्याची पहिली मोटार त्यांणीच चालविली होती. घाटाकडील सरदार ज्ञानू बुरुंगले, वय तीस, हाताचा हलका आणि जिभेचा जड. दसऱ्यास गाड्यांची पूजा होई आणि मानाचा नारळ दरसाल केरबा फोडीत. शके १८६७च्या दसऱ्यास केरबांची गाडी वाटेत पंक्चर होऊन उशीर झाला आणि मुहूर्त टळतो म्हणोन दाजीसाहेबांनी नारळ ज्ञानूच्या हाती दिला. केरबा आले तो खोबरे वाटून झाले होते. त्यांणी प्रसाद घेतला, कपाळास लाविला आणि तेव्हापासून ज्ञानूशी बोलणे टाकिले. ज्ञानूनेही मनात धरिले की, नारळ मी मागितला नव्हता, मग आधी बोलणे मी का करावे? मग इस्माईल मुजावर म्हणोन कंडक्टर होते, ते मध्ये उभे राहत. केरबा त्यांस सांगत आणि ते चार पावले चालून ज्ञानूस सांगत. एके दिवशी इस्माईल कंटाळून बोलिले, "अण्णा, तो समोर उभाय. मी काय तार ऑफिस आहे?" केरबा बोलिले, "तार ऑफिसला पैसे पडतात, मुजावर. तुम्ही फुकट आहात." इस्माईलांनी ही गोष्ट दाजीसाहेबांच्या कानी घातली. दाजीसाहेब हसले आणि बोलिले, "रुसू द्यात. रुसव्यापायी दोघंही गाड्या चकचकीत ठेवतात." ऐसे अकरा महिने गेले.

शके १८६८, व्यय नाम संवत्सरे, भाद्रपदमासी इस्माईल हिवतापाने अंथरुणास लागले आणि त्यांचे जागी बदलीचा कंडक्टर आला, त्यास या रुसव्याची वार्ता नव्हती. दुपारी केरबा गाडी घेऊन नाक्यावर आले. गाडीत सव्वीस उतारू. बदलीचा कंडक्टर आत जागेवरून भांडणाऱ्या दोन बायांत गुंतला होता. ज्ञानू दहा पावलांवर सोनाबाईच्या चहाच्या टपरीशी, केरबांकडे पाठ करून उभा. मग केरबांनी बॉनेटवर हात ठेविला आणि गाडीकडे तोंड करून मोठ्याने बोलिले, "बाई, तुझा ब्रेक पहिला दाब धरतो." सोनाबाई बोलली, "अण्णा, माणूस उभा असताना लोखंडाशी काय बोलता?" केरबा बोलिले, "लोखंडाला मान कळतो." आणि पुढे सांगू लागले. तेव्हा ज्ञानूने, आपण कान देतो ऐसे दिसू नये म्हणोन, आवाज चढवून म्हटले, "वहिनी, एक कप द्या. साखर जरा जास्त." आणि कपबशी वाजवीत राहिला. केरबांनी सांगणे पुरे केले, हात काढिला आणि कसब्याची परतीची गाडी धरून निघोन गेले. ज्ञानूने चहा पिऊन गाडी हाकारली.

अकरा वळणे नीट उतरली. बाराव्यास ब्रेक लागोपाठ दुसऱ्यांदा दाबिता पेडल तळाला गेले. ज्ञानूने दरी टाळून गाडी उजवीकडे डोंगरावर घातली, म्हणोन एकोणीस उतारू आणि कंडक्टर वाचले. सात जागीच गेले, त्यात जागेवरून भांडणाऱ्या दोघीही. ज्ञानूची छाती स्टिअरिंगच्या चाकावर चेपली. त्यास बंदराच्या दवाखान्यात नेले.

दुसरे दिवशी सकाळी केरबा तेथे आले. दाजीसाहेब दाराशी बसले होते. त्यांणी पुसिले, "केरबा, गाडी सांगितली होतीस?"

"सांगितली, धनी."

"कोणाला?"

केरबांनी खाली पाहिले. "गाडीला."

केरबा आत गेले आणि खाटेशी उभे राहिले. ज्ञानूने डोळे उघडले आणि बोलिला, "अण्णा, पहिला दाब धरतो, इतकं ऐकलं मी. पुढचं काय होतं?"

खाटेच्या कडेस बसून केरबा बोलिले, "लागोपाठ दुसऱ्याला पेडल तळाला जातं. दोनदा हापसून मग धरायचं. माथ्यापासूनच दुसऱ्या गियरवर उतरायचं, पोरा."

"दुसऱ्या गियरवर," ज्ञानू बोलिला. "मग उतरली असती."

"उतरली असती."

"मी विचारायला हवं होतं."

"नाही रे," केरबा बोलिले. दोन प्रहरी ज्ञानू गेला.

त्याउपरी चौकशी झाली आणि परवाना रद्द झाला. गाड्या मोडीत निघाल्या आणि सरदार देशोदेशी पांगले. केरबा ज्ञानूच्या दारी गेले, तेव्हा त्याच्या बायकोने त्यांस पाणी दिले आणि आत निघोन गेली. ते पाणी त्यांच्याने पिववले नाही. दोष सांगणाराचा मोठा, ऐकणाराचा मोठा, की हसणाराचा, हे ठरविण्याची लिहिणाराची योग्यता नाही. सोनाबाईस पुसिले तो ती म्हणे, "दहा पावलं होती. मी कप घेऊन मध्येच उभी होते. मीच सांगितलं असतं तर?"

राज्य दहा वर्षे पाच महिने चालले. माणसे आठ गेली. हकीकत इतकीच.